पाच-एवर झोप लागत नाही

रकाना १ : तक्रार थोडक्यात

फोन सव्वादहाला आला. रकानेबाईंनी तो कानाला नीट लावायच्या आत साहेबांचा आवाज टेबलभर सांडला.

"सातवी तक्रार. तीच सीट."

"पाच-ए?"

"पाच-ए. आणि या खेपेला हाडांचे सर्जन आहेत. चौदा तासांचा प्रवास करून सकाळी सातला उतरले, ते कमरेत वाकूनच. दुपारची शस्त्रक्रिया रद्द. पेशंट तयार आणि डॉक्टरांना उभं राहता येत नाही."

"मिस्त्रींनी तपासली असेल ना सीट?"

"तपासली. 'व्यवस्थित' असा शेरा मारून सही केली. सातव्यांदा. चार वाजता बैठक आहे, बाई. चारनंतर त्यांचा सहीचा अधिकार जाईल. ते तुमच्या धाकट्या बहिणीचे यजमान आहेत, मला ठाऊक आहे. म्हणून चारपर्यंत थांबतोय. नाहीतर आत्ताच काढला असता."

फोन बंद झाला.

विमान कंपनीच्या तक्रार विभागात बाईंना अठ्ठावीस वर्षं झाली होती. प्रत्येक तक्रारीचा एक छापील फॉर्म, फॉर्मला आठ रकाने, आणि प्रत्येक रकाना काडेपेटीएवढा. माणसाचं दुखणं त्यात मावत नाही असं त्यांनी अठ्ठावीस वर्षांत निदान चाळीसदा वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं नाही. नाव मात्र पडलं, रकानेबाई.

सही करायचा अधिकार गेला की मिस्त्रीने दुसऱ्याच्या हाताखाली पाने-पक्कड द्यायची. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर. हातात पावणेसहा तास होते.

रकाना २ : प्रवाशाचं म्हणणं (दोन ओळींत)

डॉक्टर प्रतीक्षागृहाच्या फरशीवर उताणे पडले होते. पाय खुर्चीवर, डोळे छताला.

"रात्री किती वेळ झोपलात?"

"झोपलो असतो तर इथे असतो का, बाई?"

"बसल्यावर त्रास होता?"

"बसून जेवलो, सिनेमा बघितला. सीट अगदी लोण्यासारखी. बटण दाबून पलंग केला, आडवा झालो आणि तिथून सुरू झालं. उजव्या खुब्याखाली खड्डा, वीतभर लांब. डाव्या खुब्याखाली टणक गोळा. माझा धंदाच हाडं चाचपायचा आहे. मला भास होत नाहीत."

"कुणाला सांगितलं?"

"रात्रभर घंटी वाजवली. तुमची ती प्रमुख बाई, पर्सर ना? दर वेळी तीच आली. एक उशी दिली, दोन दिल्या, पांघरुणाची घडी घालून दिली. तिची झोपायची पाळी होती, ती माझ्यापायी गेली. मी म्हटलं, जा, झोपा. तर म्हणाली, आता कुठली झोप." ते कण्हले. "तीही धड चालत नव्हती. तुमच्या विमानात धड काय आहे ते एकदा सांगा."

रकानेबाईंनी दोन ओळी लिहिल्या. तिसरी समासात गेली.

आधीच्या सहा तक्रारी त्यांना पाठ होत्या. चार महिन्यांत सहा माणसं, एकमेकांना न ओळखणारी. एकाने 'गादीत खळगा' लिहिलं होतं. एका म्हाताऱ्या बाईंनी लिहिलं होतं, 'खाली कुणाचा तरी बूट राहिलाय, कृपया परत करावा.' सगळ्यांचं दुखणं सारखंच, उजवीकडे खड्डा, डावीकडे गोळा. मधल्या दिवसांतही विमान रोज उडत होतं, पाच-एवर रोज कुणीतरी झोपत होतं आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

ही गोष्ट त्यांना जास्त छळत होती. बिघडलेली सीट अशी वार बघून बिघडत नाही.

रकाना ३ : दुरुस्ती विभागाचं म्हणणं

विमान क्रमांक नऊ शेडमध्ये उभं होतं. मिस्त्री पाच-एसमोर गुडघ्यांवर बसले होते.

"या, ताई. आठव्यांदा बघतोय."

"काय दिसलं, जावईबापू?"

"आठव्यांदा काहीच नाही."

त्यांनी बटण दाबलं. सीट हळूच पुढे सरकली, पाठ खाली गेली आणि खिडकीलगत सरळ, सपाट पलंग तयार झाला. रकानेबाई चपला काढून आडव्या झाल्या. बिझनेस क्लासमध्ये पाठ टेकायची त्यांची ही पहिलीच वेळ. खड्डा नाही, गोळा नाही. आणखी पाच मिनिटं पडल्या असत्या तर घोरायला लागल्या असत्या. या विचाराने त्या आणखीच वैतागल्या.

"मोटर बदलली," मिस्त्री म्हणाले. "दोनदा नवी कोरी गादी घातली. प्रवासी खोटं बोलत नाहीत, सीटही खोटं बोलत नाही. राहिलो कोण? मी."

"गादी काढा बरं."

गादी खालच्या चौकटीला वेल्क्रोच्या पट्ट्यांनी चिकटवलेली होती. मिस्त्रींनी कडेला धरून उचलली तशी ती अलगद निघाली. खाली, खिडकीच्या बाजूला, सुरक्षा-पट्ट्याची मुठीएवढी डबी होती. गादीला त्याच जागी वीतभर खाच कापलेली, डबी बरोबर त्यात बसावी अशी.

"डाव्या रांगेतल्या गादीला खाच डावीकडे," मिस्त्री म्हणाले. "उजव्या रांगेतल्या गादीला उजवीकडे. चपलांचे जोड असतात ना, तसं. बाकी माप तेच."

"मग चुकून उजवीकडची गादी इथे…"

"माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं. म्हणून मी कोपऱ्यावर सीटचा नंबर आणि तारीख घालतो. ही बघा, अक्षर माझंच. सकाळी आठला आलो तेव्हाही हीच होती. दर वेळी हीच असते."

रकानेबाईंनी पुढच्या चार-एची गादी उचलायचा प्रयत्न केला. हलेना. दोन्ही हात लावले, गुडघा रोवला, तेव्हा कुठे जुनं कापड फाडावं तसा आवाज करत ती सुटली.

"एवढी घट्ट?"

"नीट असली की घट्टच. वर्षातून एकदा निघतात गाद्या. पाच-ए मी सारखी काढतो म्हणून ढिली पडलीय."

पलीकडच्या खिडकीपाशी पाच-के होती. तिच्या पाठीवर पिवळी चिठ्ठी लटकत होती. 'नादुरुस्त.'

"हिला काय झालंय?"

मिस्त्रींनी आधीच स्वच्छ असलेले हात पुन्हा पुसले. "काही नाही."

"मग चिठ्ठी?"

"ती आमची नाही. विमानातल्या मंडळींची. लांबच्या प्रवासात त्यांना पाळीपाळीने झोपावं लागतं. मागे बंक आहेत, पण त्यात कुशीवर वळता येत नाही. मग एका सीटला चिठ्ठी लावतात, तिकीटवाले ती विकत नाहीत. सगळ्या विमानांत हेच चालतं. वरचे विचारत नाहीत, खालचे सांगत नाहीत. मीही सांगितलं नसतं."

"तुम्ही हिची गादी शेवटची कधी काढलीत?"

"वर्ष झालं असेल. हिची तक्रारच येत नाही. कोण करणार? तिथे झोपायचीच परवानगी नाही त्यांना."

रकानेबाईंनी पाच-केच्या गादीखाली दोन बोटं घातली. डब्याचं झाकण उघडावं तशी ती वर आली. आवाजसुद्धा झाला नाही. त्यांनी ती पुन्हा खाली ठेवली.

फोन वाजला. धाकटी बहीण.

"ताई, सापडलं का काही? हे रात्रभर टक्क जागे होते."

"या सीटशी ज्याचा ज्याचा संबंध आला तो जागाच आहे गं. ठेव आता."

रकाना ४ : कर्मचाऱ्यांचं म्हणणं

पर्सरबाईंना निवेदनासाठी थांबवून घेतलं होतं. कर्मचाऱ्यांच्या खोलीत त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. सगळा भार उजव्या पायावर.

"बसा ना."

"नको. बसून बसून कंटाळा आलाय."

रकानेबाईंनी मान हलवली. चौदा तास घंटीमागे धावलेली बाई हे सांगत होती.

"पाच-केवर कोण झोपतं?"

पर्सरबाईंनी दाराकडे बघितलं. "मिस्त्री बोलले?"

"चिठ्ठी बोलली."

"आम्हीच. पाळीने."

"सगळे?"

"बहुतेक वेळा मीच. बाकीच्यांना बंक आवडतो."

"जिथे कुशीवर वळता येत नाही, तो?"

"एकेकाची आवड."

"काल झोपलात?"

"काल त्या डॉक्टरांनी झोपू दिलं नाही. म्हणजे, त्यांना झोप येत नव्हती. त्यांची काय चूक."

"तुमची वैद्यकीय तपासणी कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. त्याचा इथे काय संबंध?"

"रकाना आहे," रकानेबाई म्हणाल्या. असा रकाना नव्हता.

रकाना ५ : संबंधित उड्डाणांवरील कर्मचाऱ्यांची यादी

(तीन दिवसांपूर्वी मागितली. 'गोपनीय' म्हणून परत आली. पुन्हा मागितली. 'लेटरहेडवर मागा.' लेटरहेडवर मागितली. 'लेटरहेड जुनं आहे.' वाट पाहत आहे.)

रकाना ६ : निष्कर्ष

साडेतीनला विमानात चौघं जमले. साहेब, मिस्त्री, पर्सरबाई आणि त्या.

"साहेब, पाच-एवर आडवे व्हा."

"मी?"

"बूट काढून."

साहेब आडवे झाले. "उत्तम आहे की. मी तुम्हाला पहिल्यापासून सांगतोय, लोक फुकट तिकिटासाठी नाटकं करतात."

"आता उठा आणि दाराशी जाऊन तोंड धुवून या."

साहेब कुरकुरत गेले. रकानेबाईंनी पाच-एची गादी उचलली, पाच-केची उचलली, दोन्हींची अदलाबदल केली आणि वरून पांघरूण ओढलं. पाऊण मिनिटसुद्धा लागलं नाही. साहेब परत येऊन पसरले आणि लगेच त्यांचं तोंड वाकडं झालं.

"उजवीकडे खड्डा आहे."

"आणि डावीकडे?"

"काहीतरी टोचतंय."

"पट्ट्याची डबी. गादी उजव्या रांगेतली आहे, तिची खाच उजवीकडे. म्हणून डबीवर भरीव गादी आली आणि तुमच्या खुब्याखाली पोकळी. बसलेल्याला हे कळत नाही, झोपलेल्याला कळतं. सात जणांनी हेच लिहिलं. आपण वाचलं नाही."

"म्हणजे मिस्त्रीचीच चूक."

"मिस्त्री विमान परतल्यावर तपासतात. तोवर गाद्या जागच्या जागी गेलेल्या असतात. कुणीतरी प्रवासी चढायच्या आधी त्या बदलतं आणि प्रवासी उतरल्यावर परत लावतं. मिस्त्री वारंवार पाच-ए उघडतात, तिचं वेल्क्रो झिजलं ते समजलं. पण पाच-केला वर्षभर दुरुस्तीवाल्यांचा हात लागलेला नाही. तीही तेवढीच झिजली आहे. ती कोण उघडतं? जिला तिथे झोपायचं असतं ती."

"पण गादी उलटी लावली तर झोपणाऱ्यालाही खड्डा लागेल," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी अकलेचं काही विचारलं होतं.

"लागतो. डावीकडे. म्हणून बाकीची मंडळी बंकमध्ये जातात. पण एखादीचा डावा खुबा दुखत असला, कुशीवर वळलं की हाड गादीला टोचत असलं, तर तिच्यासाठी तो खड्डा म्हणजे सुख. ती डाव्या पायावर भार देत नाही. बसायला सांगितलं तर बसत नाही. तपासणी महिन्यावर आलीय."

पर्सरबाईंनी दोघांकडेही बघितलं नाही. त्या मिस्त्रींकडे बघत होत्या.

"सात महिने झाले," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे गेले असते तर कागद झाला असता, आणि कागद झाला की उड्डाणं बंद, जमिनीवर. एकदा सफाईच्या वेळी दोन गाद्या चुकून उलटसुलट लागल्या होत्या. त्या प्रवासात मी तीन तास झोपले. सलग. मग मीच बदलायला लागले. परत लावून ठेवायचे, तुम्हाला बोल लागू नये म्हणून."

"परत लावलीत म्हणूनच लागला," मिस्त्री हळूच म्हणाले.

"आणि प्रवासी?" रकानेबाईंनी विचारलं.

"वाटलं, वर जाड पांघरूण असतं, त्यांना कळायचं नाही. दुसऱ्या तक्रारीनंतर समजलं की कळतं. त्यानंतरही पाच वेळा बदलली."

साहेबांचा फोन किणकिणला. यादी आली होती. आधीच्या सहाही उड्डाणांवर एकच नाव समान होतं, पर्सरबाईंचं.

"काल आली असती तर माझी एक रात्र वाचली असती," रकानेबाई म्हणाल्या.

साहेबांनी फोन खिशात टाकला. "तरी मला हे पटत नाही. खड्ड्यात कुणाला झोप लागते? दाखवा."

"साहेब, कशाला," मिस्त्री म्हणाले.

"बैठकीत मला विचारतील. दाखवा."

पर्सरबाई पाच-केपाशी गेल्या. पिवळी चिठ्ठी बाजूला सारून आडव्या झाल्या, डाव्या कुशीवर वळल्या, गुडघे किंचित ओढून घेतले. कपाळावरची आठी गेली.

साहेब बोलू लागले. विश्वासघात. कंपनीचं नाव. एका पेशंटची शस्त्रक्रिया. सेवेतून तात्काळ. एकेक मुद्दा बोटावर मोजत ते दहाएक मिनिटं बोलले, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं.

"यावर तुमचं काय म्हणणं आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही.

"मी तुम्हाला विचारतोय."

मिस्त्रींनी वाकून बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

रकाना ७ : दोषी व्यक्ती (एकच नाव)

रकानेबाई चार-एच्या हातावर टेकल्या आणि पेन उघडलं. चारला पाच मिनिटं कमी होती. खोटी चिठ्ठी सगळ्यांना ठाऊक होती, वळता न येणारे बंक कुणीतरी मंजूर केले होते, दुखणं सांगितलं की जमिनीवर आणायचा नियम कुणीतरी लिहिला होता. रकान्यात एकच ओळ होती.

मिस्त्रींची सही वाचवायची तर ती भरावी लागणार होती. त्यांनी लिहिलं, 'पर्सर.' अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

"ताई," मिस्त्री कुजबुजले, "मी सुटलो ना?"

"सुटलात."

"मग मला बरं का वाटत नाही?"

"त्याला रकाना नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "उठवा त्यांना. बैठकीला न्यायचंय."

कुणी हललं नाही. मिस्त्रींनी खिडकीची झडप खाली ओढली. साहेबांनी एक पाऊल पुढे टाकलं, झोपलेल्या बाईकडे बघितलं, आणि का कोण जाणे, बूट हातात घेऊन चवड्यांवर दाराकडे निघाले.

रकाना ८ : दोषी व्यक्तीचं म्हणणं

झोपल्या आहेत. उठल्यावर घेऊ.