शनिवारी मशीन बंद

माझं अर्धं डोकं कापून झालं होतं आणि लाइट गेली.

डावीकडे दोन बोटं केस, उजवीकडे सुट्टीभर वाढवलेलं जंगल. आरशात एकाच वेळी दोन मुली दिसत होत्या आणि दोघींपैकी एकही मला ओळखीची वाटत नव्हती. खुर्चीमागच्या मुलाने मशीनचं बटण तीनदा दाबून पाहिलं. मग आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "असंच ठेवू? वाईट नाही दिसत."

"दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय रे तुमच्या?"

"'घाई कसली' केशकर्तनालय."

"मला आहे घाई. माझा भाऊ बाहेर एकटा उभा आहे."

त्याने खिडकीतून पाहिलं. गटाराच्या पलीकडे, समुद्राकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हात दाबून यूफी उभा होता. पिवळा शर्ट, तपकिरी चड्डी. शाळेचा गणवेश. शाळा उघडायला पाच आठवडे होते, पण गणवेश शिवून आला त्या दिवसापासून त्याने दुसरं काही अंगाला लागू दिलं नव्हतं.

"तो आत का नाही येत?"

"मशीन आहे म्हणून. तुमचा रेडिओ आहे म्हणून."

"आता दोन्ही मेलेत," तो म्हणाला, आणि खणातून कात्री काढली.

कच्... कच्... कच्.

लाइट गेलेल्या दुकानात कात्रीचा आवाज किती स्वच्छ येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मानेवर केसांचे बारीक तुकडे पडत होते, आणि ती बोटं... ती बोटं फार सावकाश होती. मी आरशात बघायचं टाळत होते, म्हणून मला यूफी उशिरा दिसला. तो दारात उभा होता. हात कानांवरून खाली आले होते.

"परत," यूफी म्हणाला.

मुलाने एक बट कापली.

"परत."

आणखी एक.

"हा आणखी चारदा परत म्हणाला," मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला, "तर पुढचा नंबर तुझ्या कानांचा."

माझं हसू फुटलं. पण डोळ्यांत पाणीही आलं होतं, आणि त्याने ते आरशात पाहिलं. मग काय, सांगावंच लागलं.

यूफी आठ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मशीनचा आवाज दातांत शिरतो, असं त्यानेच एकदा आईला सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात दोन माणसांनी त्याला धरून ठेवलं आणि केस कापले. त्यानंतर तो कुठल्याच दुकानात शिरला नव्हता. आता शाळेच्या मुख्य बाई त्याला घ्यायला तयार होत्या, वर्गशिक्षिकेलाही समजावणार होत्या. फक्त एक अट: डोकं सगळ्यांसारखं बारीक. एकाला सूट दिली तर उद्या चाळीस आया दारात उभ्या राहतील, म्हणाल्या. अशा मुलांच्या आमच्या पालक-गटाच्या आंटी मन्सा भांडायला पदर खोचून तयार होत्या. पण शाळेच्या भिंतीवरच्या फोटोतल्या पोरांच्या गुळगुळीत डोक्यांवर बोट ठेवून यूफी स्वतःच म्हणाला होता, "असं."

त्याला हवं होतं. फक्त कुणी न धरता. आमच्या गटाचा पहिला नियमच तो आहे, कुणाला धरायचं नाही.

"पुढच्या शनिवारी मी परत येते," मी म्हणाले. "तू मशीन बंद ठेव. माझे थोडेसे काप. तो बघेल. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी थोडे. शाळा उघडेपर्यंत तो खुर्चीत बसेल."

"आणि तुझे केस संपले तर?"

"संपू देत. माझ्या शाळेलाही बारीकच लागतात."

त्याने मानेवरचे केस ब्रशने झटकले. ब्रश पोचला नाही तिथे फुंकर मारली. अगदी हलकी.

"परत," यूफी म्हणाला.

बाई गं. मला तिथल्या तिथे खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

त्याचं नाव क्वामेना. शनिवारचा जन्म, म्हणून हे नाव. मुलांच्या शाळेत शेवटच्या वर्षाला, आणि सुट्टीत मामाच्या दुकानात. पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा दारावर खोक्याचा पुठ्ठा टांगलेला होता: 'दहा ते अकरा मशीन बंद, रेडिओ बंद.' त्याचे एजिर मामा बाहेर बाकावर रेडिओ कानाला चिकटवून बसले होते.

"पोरी, माझ्याच दुकानातून मला हाकललंय तुझ्यापायी," ते म्हणाले.

"माझ्यापायी नाही मामा, यूफीपायी."

"असं का? मग हा सकाळपासून आरसा कुणासाठी पुसतोय?"

आत काहीतरी खणकन पडलं. बहुतेक फणी.

तीन शनिवार असे गेले. गटाची सभा चॅपलच्या मागच्या खोलीत नऊला. ती आटोपली की आम्ही दुकानात. क्वामेना केस कापायचा म्हणजे काय, एकेक केस वेगळा काढून त्याची विचारपूस करायचा.

"तू मुद्दाम हळू करतोयस."

"पाटी वाच."

"अरे, पण हा तर तोच केस आहे, मघाचाच."

"तो आवडला मला."

अशी उत्तरं. आणि वर चेहरा असा की हा मुलगा रोज प्रार्थना करतो. त्याचे स्वतःचे केस चार बोटं उंच, कडेने वस्तऱ्याने ओढलेल्या दोन रेघा. रस्त्यावरचे लोक दुकानाची पाटी वाचत नाहीत, त्याचं डोकं वाचतात आणि आत शिरतात. दर शनिवारी तो माझ्या मानेला स्पिरिट लावायचा, थंडगार, आणि मग पावडर. दिवसभर मला स्वतःचाच वास येत राहायचा आणि मी विनाकारण हसायचे. आई म्हणाली, "केस कापायला जातेस की कापणाऱ्याला बघायला?" दोन्हीत काय फरक, तिलाच ठाऊक.

यूफी मात्र पुढे सरकत होता. आधी दारात, मग आरशापाशी, मग खुर्चीच्या हातावर बोट ठेवून. चौथ्या शनिवारी तो स्वतः खुर्चीत बसला.

मी श्वास धरून उभी. क्वामेनाने चादर गुंडाळली. कच्. एक बट पडली. कच्. दुसरी. यूफी आरशात स्वतःला बघत होता, ओठ हलत होते, परत, परत. तिसरी बट कापली, आणि मग क्वामेनाने डावा हात यूफीच्या डोक्यावर ठेवून ते पुढे दाबलं.

प्रत्येक न्हावी हेच करतो. दिवसाला तीस डोकी तो अशीच झुकवतो. त्याला हाताला सांगावं लागत नाही.

यूफी किंचाळला तो आवाज मी लिहू शकत नाही. चादर गळ्यात तशीच फडफडत तो पळाला, मासेवाल्यांच्या टोपल्यांमधून थेट वाळूवर. अर्ध्या तासाने आम्हाला तो उपड्या घातलेल्या होडीखाली सापडला. क्वामेना माझ्याबरोबर धावला होता. होडीजवळ त्याने तोंड उघडलं, आणि मी त्याला बोलूच दिलं नाही.

"तुझा हात तुझं ऐकत नसेल तर त्यात कात्री कशाला धरतोस?"

तो मागे फिरला आणि गेला.

त्या रात्री यूफीने गणवेश काढला. घडी घालून आईच्या हातात दिला. आई तो धरून नुसती बसून राहिली, आणि मी ठरवलं, पुरे झालं रडणं, अजून एक शनिवार शिल्लक आहे. सोमवारी मी यूफीला दुकानाच्या रस्त्याने, मक्याची केंकी विकणाऱ्या मावशीपर्यंत नेलं. मंगळवारी फोनच्या टपरीपर्यंत. बुधवारी वळणापर्यंत. वळणावरून दुकानाची पाटी दिसते. ती दिसली की तो माझा हात सोडून उलटा चालू लागायचा. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. कुणी म्हणेल, पाच दिवसांत काय झालं? झालं की. तो वळणापर्यंत आला. रोज आला.

शनिवारी सभेला मी आईच्या शेजारी बसले होते. आंटी मन्सा आठवड्याच्या बातम्या वाचत होत्या. गटातल्या जुळ्यांपैकी धाकट्याने या आठवड्यात पहिल्यांदा तोंडाने दूध मागितलं. आम्ही सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवली. आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, अर्ध्या मुलांना तो आवाज सोसत नाही. आनंद झाला की खोलीभर नुसती बोटं लुकलुकतात.

तेवढ्यात दारात कुणीतरी जोरात टाळ्या वाजवल्या.

तीन मुलांनी कान झाकले. क्वामेना दारात उभा होता, दोन्ही तळवे हवेत तसेच.

"पोरा," आंटी मन्सा हळू आवाजात म्हणाल्या, "हात खिशात घाल आणि आत ये. आणि परत काढशील तर असे काढ." त्यांनी बोटं हलवून दाखवली.

त्याने बोटं हलवली. घाबरलेल्या माणसासारखी. मला हसू आलं, आणि मी अजून त्याच्यावर रागावले आहे हे मला त्यासाठी आठवावं लागलं.

तो माझ्याकडे आला नाही. यूफीपासून तीन हात लांब फरशीवर बसला आणि खिशातून गोल टोकाची छोटी कात्री काढून मध्ये ठेवली.

"यूफी, मी तुला न विचारता हात लावला. माझं चुकलं," तो म्हणाला. "आज न्हावी तू." आणि त्याने मान खाली घातली.

ते चार बोटं उंच केस. त्या दोन रेघा. 

"क्वामेना, अरे, सोमवारी तुझं डोकं बघून दुकानात कोण..." मी म्हणाले.

"तू गप्प बस गं, अराबा. न्हावी काम करत असताना गिऱ्हाइकाशी बोलू नये."

 पंखा फिरत होता. मग यूफी उठला. कात्री उचलली. आणि डावा हात क्वामेनाच्या डोक्यावर ठेवून ते पुढे दाबलं. जोरात. अगदी तसंच.

क्वामेनाने डोकं झुकू दिलं.

कच्.

कुणी हललं नाही. केसांचा एक भलामोठा पुंजका फरशीवर पडला, एका रेघेसकट.

"परत," खालून क्वामेना म्हणाला.

अकरा वेळा. शेवटी त्याचं डोकं असं दिसत होतं, जसं बकरी चरून गेली आणि अर्ध्यात कंटाळली. यूफीने मागे सरून काम तपासलं. मग कात्री परत दिली, खुर्ची ओढली, तिच्यावर बसला आणि म्हणाला, "हात नको."

"नाही लावणार."

"असं," यूफी म्हणाला, आणि स्वतःच मान खाली घातली.

पुढचा दीड तास क्वामेना एका हाताने कात्री चालवत होता, बाकी सगळं तोंडाने. खाली. थोडं डावीकडे. आता वर. थांबूया? यूफी थांब म्हणाला की थांबायचं. तीनदा थांबलो, तिन्ही वेळा यूफीने एकेक तळलेलं गोड बोफ्रोट खाल्लं आणि साखरेची बोटं क्वामेनाच्या शर्टाला पुसली.  शेवटची बट पडली तेव्हा यूफीने दोन्ही तळव्यांनी आपलं डोकं चाचपलं, पुढून, मागून, आणि मग आईकडे बघून म्हणाला, "गणवेश."

खोलीभर बोटं लुकलुकली. आईला हात वर करता येईनात, ती त्यांनी तोंड झाकून बसली होती.

गटाचं बातमीपत्र मी लिहिते. या महिन्यात त्यात छापलंय: 'घाई कसली केशकर्तनालयात यापुढे दर शनिवारी दहा ते बारा मशीन बंद. मुलांना हात लावण्याआधी विचारलं जाईल.' याखाली आणखी एक ओळ होती, न्हावी दिसायला बरा आहे म्हणून. आंटी मन्सांनी ती कापली. म्हणून मग हे सगळं इथे लिहितेय.

मंगळवारी शाळा उघडली. सकाळी यूफीला सोडायला आम्ही दोघंही गेलो, आपापल्या गणवेशात. क्वामेनाने उरलेलं डोकं साफ करून टाकलं होतं. मामा त्याला शहाळं म्हणत होते. माझंही रविवारी पार बारीक झालं होतं. तिघं एकसारखे.

फाटकाच्या बाईंनी यूफीच्या डोक्याकडे पाहिलं, मग आम्हा दोघांच्या, आणि म्हणाल्या, "सगळं घरच एकदम?"

घंटा व्हायला दोन मिनिटं होती.

"येत्या शनिवारी..." क्वामेना म्हणाला. बुटाने माती उकरत. "म्हणजे... यूफीचं झालं आता. तुझेही केस संपले. तर तुला यायचं... कारण काही उरलं नाही."

पाच शनिवार हा मुलगा पोपटासारखा बोलत होता आणि आता शब्द सापडत नव्हते. आणि मला मात्र अचानक सगळे सापडले. होडीखालून भावाला काढलेल्या, वळणापर्यंत पाच दिवस चाललेल्या मुलीला एका वाक्याची कसली भीती.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "हे कारण चालेल?"

क्वामेनाने यूफीकडे पाहिलं, फाटकाच्या बाईंकडे पाहिलं, रस्त्याने जाणाऱ्या साऱ्या पोरांकडे पाहिलं. मग त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि दहाच्या दहा बोटं हलवली. एवढ्या जोरात की शर्ट चड्डीतून बाहेर आला.

आवाज अजिबात नाही.

यूफीने आधी त्याला पाहिलं, मग मला. घंटा वाजली. त्याने कानांवर हात ठेवले, ती संपेपर्यंत धीराने वाट बघितली, मग हात खाली केले.

"परत," तो म्हणाला.

म्हणून मी परत म्हणाले.