चष्मा काढून केलेला व्यायाम

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. एवढंसं पत्र, उत्तरालाही एखादी ओळ पुरली असती. पण कित्येक आठवडे ते टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशाखाली पडून होतं. शब्दकोश उचलायची वेळ आली की तो अंदाजानेच शब्द लिहून मोकळा व्हायचा.

पत्र समोरच्या इमारतीतून आलं होतं. पाकिटावर त्याचं नाव नव्हतं, नुसतं इमारतीचं नाव आणि ‘तिसरा मजला, निळ्या पडद्याची खोली’. आत लिहिलं होतं:

‘नमस्कार. मी तुमच्या समोरच राहते. रोज सकाळी तुमचं बघून मीही व्यायाम करते, राग मानू नका. एक विचारायचं होतं. गुडघा छातीशी घेतल्यावर श्वास धरून ठेवायचा की सोडायचा? इथून ते दिसत नाही. कळवाल? – समोरची.’

कुणीही म्हणेल, किती साधं पत्र. पण ते वाचून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण खरी गोष्ट नेमकी उलटी होती. तोच तिचं बघून व्यायाम करत होता.

तो वाचनालयात जुन्या पुस्तकांची डागडुजी करायचा. सुटी झालेली पानं शिवायची, नवा पुठ्ठा बसवायचा, पाठीला कापड चिकटवायचं. दिवसभर वाकून वाकून पुस्तकांच्या पाठी सरळ झाल्या आणि त्याची वाकली. तिथले लोक त्याला लाडाने ‘प्रश्नचिन्ह’ म्हणत, आणि तो हाकेला ओ देई. एके दिवशी खाली पडलेली सुई उचलायला वाकला, तो वर येईचना. ताई त्याला धरून व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पाठ चाचपली, पोटाकडे बघून काही बोलल्या नाहीत, रक्तातली साखर अगदी काठावर आहे एवढं सांगितलं, आणि चित्रं काढलेला एक कागद हातात ठेवला. घरच्या घरी, रोज सकाळी, न चुकता. ताईने बाहेर आल्यावर आपल्या भाषेत त्याचा अर्थ सांगितला की, हे केलं नाहीस तर मी येऊन राहीन. तेवढ्या धाकाने तो चटई विकत घेऊन आला.

अडचण झाली ती चष्म्याची. वाकलं की चष्मा नाकावरून घसरून चटईवर. काढून ठेवावा, तर कागदावरच्या माणसांचे ठिपके व्हायचे. पहिल्याच सकाळी दोन्ही हात वर करून, आता पुढे काय ते न कळून तो खिडकीशी उभा राहिला. आणि समोरच्या खिडकीत एक पिवळा, धूसर आकार तसाच हात वर करून उभा दिसला. थोड्या वेळाने तो आकार एका बाजूला कलला. तोही कलला.

मग तसंच सुरू झालं. आकार खाली बसला की हा बसायचा, आकाराने गुडघा उचलला की हा उचलायचा. आकाराला चेहरा नव्हता, पण लय होती. घाई नसायची. हात वर गेले की ते तिथेच राहायचे, जणू कुणाची तरी वाट बघत… चष्मा लावून एकदा नीट बघावं असं त्याच्या मनात कितीदा आलं. पण चष्मा नसताना नजर जाणं वेगळं आणि चष्मा लावून बघणं वेगळं. ते म्हणजे सरळसरळ टक लावणं. व्यायाम संपला की तो आधी पडदा ओढायचा, मग चष्मा शोधायचा.

कंबर मोकळी झाली. जिना चढताना धाप लागेना. पट्ट्याला आतलं भोक लागलं. सकाळी गजराच्या आधीच जाग येऊ लागली, आणि ती कमरेच्या काळजीने येत नाही हे त्याने स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

अशात ते पत्र आलं. त्याला वाटलं, संपलं, पकडलो गेलो. इतक्या सफाईने वाकणारी बाई म्हणे याचं बघून शिकते. हा सभ्य शब्दांतला टोमणा होता, दुसरं काय. त्याने पडदा ओढला तो ओढलाच. पडद्याआड, चष्म्याला दोरी बांधून, कागदात बघून एकट्याने व्यायाम करू लागला. पाठ पुन्हा कुरकुरायला लागली. आणि एका सकाळी दोरी सुटली, चष्मा पडला, आणि त्याने नेमका त्यावरच गुडघा टेकला.

चष्म्याचं दुकान दोन चौक पलीकडे होतं. बाहेर भुरभुर पाऊस होता. चष्म्याचे दोन तुकडे रुमालात धरून तो भिंतीच्या कडेकडेने, चाचपडत दुकानात शिरला. आत कुणीतरी काच पुसत होतं, फडक्याचा चिरचिर आवाज येत होता. तो आवाज एकदम थांबला.

“कशाखाली आला?” काउंटरमागून एका बाईचा आवाज आला.

“गुडघ्याखाली.”

“कुणाच्या?”

“माझ्याच. व्यायाम करत होतो.”

“चष्म्यावर?”

समोरच्याचा चेहरा दिसत नसला की त्याला बोलता यायचं. एरवी वर्षभरात बोलला नसता इतकं तो त्या एका भेटीत बोलला. डॉक्टरीणबाईंचा कागद, ताईचा धाक, पिवळा आकार, ते पत्र, ओढलेला पडदा – सगळं. ती मोजपट्टी घेऊन त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायला पुढे झुकली, तेव्हा कुठे तिचा चेहरा त्याच्या नजरेच्या टप्प्यात आला. तपकिरी डोळे, आणि उजव्या भुवईत एक बारीकशी खाच. तिच्या हाताला साबणाचा वास होता.

“दिसायला कशी होती ती?” तिने विचारलं.

“पिवळी.”

तिची मोजपट्टी हलली. तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. मग तिने अगदी सहज विचारलं, की तो टोमणाच होता कशावरून? बिचारीचं खरंच श्वासापाशी अडलं असेल.

“इतकं छान करणाऱ्या बाईचं?”

“छान?” ती म्हणाली. “तुम्हाला चष्म्याशिवाय काय दिसत होतं?”

तिने एक फ्रेम त्याला घालून बघायला दिली आणि भर दुकानात वाकायला लावलं, घसरते का ते बघायला. घसरली. दुसरीही घसरली. तिसरीच्या काड्या तिने गरम करून किंचित वळवल्या, त्याच्या कानामागे बोटांनी दाबून बसवल्या, आणि स्वतःच्या नाकाच्या दांडीवर बोट टेकवून विचारलं, “बसली?” दुकानात ती प्रत्येक गिऱ्हाइकाला तसंच विचारत असणार. पण त्याला वाटलं, कानामागे अजून ऊब आहे.

काचा यायला दोन-तीन दिवस लागणार होते. पण तो दुसऱ्याच दिवशी, काही कारण नसताना पुन्हा गेला. फ्रेमचा रंग विचारायला, म्हणाला. रंग काळा होता, कालही काळाच होता. तिने हसून स्टूल पुढे केलं.

काच पुसता पुसता तिने सांगितलं. दुकानाचे मालक – त्यांना ती काका म्हणायची – दुसऱ्या गावात दुकान काढत होते आणि ते तिनेच सांभाळावं असं त्यांचं म्हणणं होतं. शनिवारी हो-नाही सांगायचं होतं.

“जाणार?” त्याने विचारलं. विचारताना स्टूल एकाएकी उंच झाल्यासारखं वाटलं.

“अडवणारं कोण आहे? इथे एकाला काही विचारलं होतं. साधं उत्तरही आलं नाही. मग थांबायचं कुणासाठी?”

त्याला त्या माणसाचा फार राग आला. “मूर्ख असणार,” तो म्हणाला.

“आहे थोडा,” ती म्हणाली, आणि पुन्हा काच पुसायला लागली.

घरी येताना त्याला स्वतःची लाज वाटत होती. एका बाईच्या पत्राला उत्तर देता आलं नाही, आणि इकडे दुसरीच गाव सोडून जाणार म्हटल्यावर हा हळहळतोय. इतका उथळ माणूस आपण आहोत, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. पिवळ्या आकाराचा विचार करावा तर त्याला तपकिरी डोळे फुटायचे. दुकानातलीचा करावा तर ती हात वर करून उभी राहायची. ताईचा फोन आला, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की माणसाचा जीव एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकतो का? ताई म्हणाली, आधी व्यायाम केलास का ते सांग.

शुक्रवारी चष्मा आणायला गेला, तर ती सुट्टीवर. काकांनी चष्मा हातावर ठेवला. तिचं काय ठरलं, हे विचारायला त्याने तोंड उघडलं आणि विचारलं, “पावती हवी का?”

शनिवारी तो उजाडताच उठला. जिचं बघून पाठ सरळ झाली, तिला निदान तोंड तरी दाखवावं. दुसरी तर आज काकांना हो म्हणणारच. नवा चष्मा घातला. टक लावणं तर टक लावणं. त्याने पडदा बाजूला सारला.

समोरची खिडकी उघडी होती. पिवळा सदरा घातलेली एक मुलगी दोन्ही हात वर करून उभी होती, आणि हात किंचित थरथरत होते, बराच वेळ तसेच धरून ठेवल्यासारखे. तिला चेहरा होता. तो चेहरा त्याला माहीत होता. तिने एक हात खाली आणला, नाकाच्या दांडीवर बोट टेकवलं, आणि मान जराशी तिरकी केली. बसली?

तो चटईवर बसला. आपण तिच्याचसमोर काय काय बोललो, ते एकेक आठवायला लागलं. पिवळी. छान. वाट बघितल्यासारखी. मूर्ख असणार… दोन्ही हातांनी तोंड झाकून तो तसाच बसून राहिला, आणि मग लक्षात आलं की झाकलेल्या तोंडाने आपण हसतोय. दोन नव्हत्याच मुळी. एकच होती. मानेवरून कुणीतरी पुस्तकांचा गठ्ठा उतरवून ठेवावा, तसं त्याला हलकं वाटलं.

तो उठून उभा राहिला तेव्हा ती अजून तिथेच होती. तिने दोन्ही तळवे पुढे पसरले. मग, उत्तर? तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि खिडकीतून दिसेनाशी झाली.

त्याने शब्दकोश उचलला. पत्र बाहेर काढलं. या वेळी कच्चं लिहून, खोडून, पुन्हा लिहिण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

‘नमस्कार. श्वास धरायचा की सोडायचा, मला माहीत नाही. मी तुमचंच बघून करत होतो. ते शिकायचं तर तुम्ही समोर हव्यात. जाऊ नका. – समोरचा.’

पाकीट चिकटवून तो जिना उतरला. टपालपेटी चौकात, तिच्या रस्त्याच्या तोंडाशी होती. तिथे पोचतो तोच ती कामावर निघालेली समोरून आली. पिवळा सदरा बदललेला होता, केस ओले होते. दोघं पेटीच्या दोन बाजूंना उभी राहिली. खिडकीतून इतके दिवस एकत्र घालवल्यावर इतक्या जवळून काय बोलायचं, ते दोघांनाही सुचेना.

“पहिल्या दिवशीच ओळखलं होतं मी,” शेवटी ती म्हणाली. “पाठीवरून. सांगणारही होते. पण तुम्ही इतकं खरं खरं बोलत होता…”

“तुम्ही खरंच माझं बघून करत होतात?”

“फोनवरचं बघून सुरू केलं होतं. त्यातली बाई फार भराभर करते. तुम्ही सावकाश करायचात. मला वाटलं, हा माणूस कुठेतरी शिकवत असणार.”

“मी सावकाश करायचो, कारण तुम्ही पुढे काय करता ते बघायचो.”

“आणि मी हात वर करून थांबायचे, कारण तुम्ही काही करतच नव्हतात.”

दोघंही हसली. म्हणजे आपण दोघांनी मिळून कुठल्याच कागदावर नसलेला व्यायाम केला, असं तो म्हणाला. त्याने आपलं वजन उतरलं, असं ती म्हणाली, आणि दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखायच्या तेही थांबलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळायला नको.

मग तिचं लक्ष त्याच्या हातातल्या पाकिटाकडे गेलं. पाकिटावर तिच्या इमारतीच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘तिसरा मजला, पिवळ्या सदऱ्याची खोली’.

“माझंच आहे ना? द्या की हातात.”

“नको,” तो म्हणाला. “पत्राचं उत्तर टपालानेच जायला हवं. सोमवारी मिळेल.”

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. भुवईतली खाच जराशी वर गेली. “काकांना आज सांगायचंय मला. सोमवारी मिळायला मी सोमवारी इथे असायला हवी.”

“हो,” तो म्हणाला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण या वेळी त्याने मान खाली घातली नाही. “सोमवारी. आणि… त्यानंतरही.”

तिने बोट पुढे केलं आणि त्याच्या नाकावर चष्मा नीट बसवला, खरं तर तो नीटच बसलेला होता. मग विचारलं, की काकांना काय सांगू?

“सांगा, एका पत्राची वाट बघतेय.”

त्याने पाकीट पेटीच्या फटीत सरकवलं, क्षणभर बोटांत धरून ठेवलं आणि सोडून दिलं. आत ते कशावर तरी अलगद पडल्याचा आवाज दोघांनी ऐकला.