निगेटिव्हमधली गोदू

त्या गुरुवारी मृणाली कामावर जाणारच नव्हती. तिची तीन वर्षांची रुचिका सोमवारपासून तापाने फणफणली होती. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, रक्त तपासायला घेतलं होतं, पण ताप काही हटत नव्हता. मृणाली आधीच घाबरट. पोर शांत झोपली तरी नाकाशी बोट धरून श्वास बघायची. त्या सकाळी तिने दहादा बघितला.

शेवटी सासू, जानकीबाई, वैतागल्या. "तू बघत बसल्याने ताप उतरणार हाय का? तिकडे लॅबमधनं आक्काचे दोनदा फोन आले. जा. मी काय मेली न्हाय अजून. घरात फोन हाय, काही वाटलं तर लावीन."

म्हणून मृणालीने पोरीच्या गालावर काजळाचा टिळा लावला, नारपोलीहून शेअर रिक्षा पकडली आणि धामणकर नाक्यावर उतरली. दोन हजार तीन साल होतं ते. लग्नाचा मोसम. नाक्यावरच्या एका इमारतीत खाली कापडाचे माग चालायचे आणि वरच्या मजल्यावर फोटोची लॅब होती. खालच्या मागांची खडखड दिवसभर फरशीतून पायांत शिरायची. नव्या माणसाचं डोकं उठायचं. मृणालीला मात्र ती इतकी अंगवळणी पडली होती की सुट्टीच्या दिवशी घरातल्या शांततेत तिला चुकल्यासारखं व्हायचं.

तिचं काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. मशीनमधून धुऊन, वाळून आलेली फिल्म कटरमध्ये घालायची. कटर म्हणजे हातभर लांबीचं लोखंडी यंत्र. खाली पांढरा दिवा, वर काच, काचेवर फिल्म सरकायला खाच. फिल्मच्या कडेची भोकं यंत्राच्या बारीक दातांत बसली की दांडा दाबायचा. टक्. पातं दोन फोटोंच्या मधल्या रिकाम्या जागेवरच पडलं पाहिजे. चार-चार फोटोंची एक पट्टी, ती पातळ कागदाच्या पाकिटात घालायची. केसभर जरी चूक झाली तरी कोणाच्या तरी नवरीचा कान कापला जायचा.

हे सगळं तिला आक्काने शिकवलं होतं. आक्का वळ गावची, मृणालीच्या माहेरची. वीस वर्षं हेच काम करत होती. तिची एक रीत होती. माणूस गेलं की लोक शेवटचा फोटो काढून घ्यायचे आणि तो रोल मग लॅबमध्ये यायचा. त्याच रोलवर पुढे-मागे कुणाची मुंज, कुणाची सहल. आक्का गेलेल्याचा फोटो जित्या माणसांच्या पट्टीत कधी ठेवायची नाही. तो तेवढा एकटा कापायची, वेगळ्या पाकिटात घालायची. लॅबचे मालक सुधीर सर कुरकुरायचे, "आक्का, चारचा हिशेब मोडतो." आक्का म्हणायची, "मोडू दे सर. एका पट्टीत घातलं की वाटेला लागणाऱ्याला जित्याची सोबत मिळते."

त्या दुपारी मृणालीने सहा रोल कापले. सातव्याचं पाकीट उचललं आणि त्यावर नवऱ्याचं अक्षर दिसलं. मनोजनेच बुधवारी आणून टाकला होता. रविवारच्या वाढदिवसाचा रोल. रुचिकाचा.

तिला बरंच वाटलं. तापाच्या आधीची पोर बघायला मिळेल.

पहिली पट्टी. फुगे, केक, टोपी घातलेली रुचिका. निगेटिव्हमध्ये सगळं जग उलटं असतं. नारिंगी झाक असलेल्या फिल्मवर काळे केस पांढुरके दिसतात, पांढरे दात काळे, लाल साडी हिरवट निळी. चेहरे तर बुडून वर आलेल्या माणसासारखे. मृणालीला त्याची सवय होती. ती मनातल्या मनात उलट्याचं सुलट करून घ्यायची. टक्. पट्टी पाकिटात.

दुसरी पट्टी. पाच, सहा, सात.

सातव्या फोटोत दारात एक बाई उभी होती. शेजारची कुणी असेल, असं मनाशी म्हणत मृणालीने फिल्म पुढे सरकवली आणि थांबली. काहीतरी चुकत होतं. काय ते पटकन कळेना. तिने फिल्म मागे घेतली.

बाईचं लुगडं हिरवं होतं. कपाळावर कुंकू लाल होतं. केस काळेभोर.

आजूबाजूला सगळ्यांचे केस पांढुरके, चेहरे निळसर, आणि मधोमध ही एक बाई, आपण आरशात दिसतो तशी सुलट. सावळी, तरणी, जिती.

मृणालीने मऊ फडक्याने फिल्म पुसली. बाई तिथेच.

आठवा फोटो. बाई दारातून आत आली होती. पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहून पोरांकडे बघत होती.

"आक्का..." मृणालीने हाक मारली. "आक्का, जरा इकडे ये ना."

आक्का पदराला हात पुसत आली. "काय गो, कुणाचं नाक कापलंस?" तिने भिंग डोळ्याला लावलं, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. खाली माग खडखडत होते. मशीनच्या औषधाचा आंबूस वास त्या बंद खोलीत एकाएकी दाट झाल्यासारखा वाटला.

"ही कोण, आक्का?"

आक्काने भिंग काढलं.

"गोदू," ती म्हणाली. "तुझी आय."

मृणाली आठ महिन्यांची असताना तिची आई काविळीने गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. शेवटचासुद्धा काढला नव्हता. तेव्हा वळमध्ये कॅमेरा होता कुणाकडे? लहानपणी मृणाली बायांना विचारायची, आय कशी होती गो? कुणी म्हणायचं सावळी, कुणी म्हणायचं उंच, आणि त्यावर तिचं समाधान व्हायचं नाही. आणि आता ती दिव्यावर समोर होती, नखाएवढी. मृणालीपेक्षाही लहान वयाची. मृणालीचे डोळे भरून आले. भीती होतीच, पण भीतीच्या वर काहीतरी होतं. गाभाऱ्यात पहिल्यांदा पाऊल टाकताना होतं तसं काहीतरी.

"माझ्यासारखी दिसते ना?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्या तोंडात तिचंच तोंड हाय," आक्का म्हणाली. मग एकदम म्हणाली, "पुढं ओढ बघू."

नववा फोटो. गोदू रुचिकाच्या मागे उभी.

दहावा. गोदू खाली वाकलेली. तिच्या मुठीत रुचिकाचं एक बोट. पोरीचा चेहरा निळसर, केस पांढुरके, सगळं जसं असायला हवं तसं. फक्त ते बोट... ते बोट सावळं होतं. सुलट.

मृणालीने फिल्म ओढली.

अकरावा. रुचिकाचा उजवा हात कोपरापर्यंत सुलट. हातातली लाल बांगडी लालच दिसत होती.

बारावा. खांदा, मान, अर्धा चेहरा. पोरीच्या डोक्यावरचे उजवीकडचे केस काळे, डावीकडचे पांढुरके. आणि पोर हसत होती. वर, गोदूच्या तोंडाकडे बघून हसत होती.

"बस!" आक्काने तिचा हात धरला. "पुढं बघू नको."

मृणाली फोनकडे धावली. आकडे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जानकीबाईंनी उचलला.

"आई, रुची कशी आहे?"

"बरं झालं तू लावलास." सासूचा आवाज नेहमीसारखा तोडून टाकणारा नव्हता. "ताप वाढलाय गो. मनोजला बोलावलंय, तो गाडी घेऊन निघालाय. आणि उजवा हात... उजवा हात गार पडलाय. बाकी अंग तव्यासारखं, आन् उजवी बाजू गार. चोळते तरी गरम होत न्हाय."

"ती काय करते?"

"हसते. डोळे मिटून हसते."

फोन ठेवून मृणाली परत आली तेव्हा आक्का कटरपाशी बसली होती. बाराव्या फोटोनंतरची फिल्म काचेच्या कडेवरून गुंडाळी होऊन लोंबत होती.

"इथं काप," आक्का म्हणाली. "बाराव्यापुढं. उरलेली गुंडाळी मी नेते, खाडीत टाकते. न बघताच."

"आणि हे?"

आक्काने बाराव्या चौकटीवर बोट टेकवलं. गेलेल्याला वेगळं कापायचं ही तिची रीत. पण इथे गेलेली आणि जिती एकाच चौकटीत होत्या, एकमेकींना धरून. मधे रिकामी जागा नव्हती.

"फिल्म दातांवरून उचलायची," आक्का बारीक आवाजात म्हणाली, "आन् पातं दोघींच्या मधून पाडायचं. गोदूच्या मनगटावर. मी करते. तुला न्हाय व्हायचं."

मृणालीने त्या नखाएवढ्या मनगटाकडे बघितलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा दिसलेली आई. तिच्यावर पातं पाडायचं. आणि समजा पातं रुचीच्या बोटावर पडलं तर? कागदावरचं असो, फिल्मवरचं असो, बोट ते बोट.

"आणि उरलेलं न बघता टाकलं, तर त्यात आहे ते नाहीसं होणार का, आक्का? उमटायचं ते उमटून वाळलंय."



मृणाली स्टुलावर बसली. दोन्ही हात काचेवर ठेवले. खालच्या दिव्याने बोटं लालसर दिसू लागली. ती सातवीपर्यंत शिकलेली, पूजाअर्चा जेमतेम. अशा वेळी काय म्हणायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. ती वाकली आणि त्या चौकटीशी बोलू लागली.

"आये... तुला माझी ओढ लागलीय, कळतंय मला. मी तुझ्याजवळ राहिले नाही, म्हणून तू हिला... पण ती मी नव्हे गो. ती माझी आहे. सोड तिला. माझं काय पाहिजे ते घे. मी करीन तू म्हणशील ते. पण तिचं बोट सोड."

"मृणाली!" आक्का ओरडली. "असं तोंडाला येईल ते बोलू नको—"

आणि वीज गेली.

रोजचंच लोडशेडिंग, पण ते चारला व्हायचं. तेव्हा अडीचसुद्धा वाजले नव्हते. कटरचा दिवा विझला. खाली एकामागून एक माग थांबत गेले, आणि शेवटचा थांबला तेव्हा जी शांतता आली तिला वजन होतं. काळ्या पडद्यांची ती खोली. काहीही दिसत नव्हतं. फक्त मृणालीच्या बोटांखाली, काचेवर, फिल्म सरकली.

तिने ओढली नव्हती. तिचे हात जागच्या जागी होते. भोकं दातांवरून एकेक करून निसटत होती... टिक्... टिक्... टिक्... आणि मग थांबली.

"आक्का... तू ओढलीस?"

"मी भिंतीशी हाय गो," अंधारातून आवाज आला.

जनरेटर धडधडला. दिवा फडफडून लागला.

तेरावा फोटो काचेवर बरोबर बसलेला होता. घरच्यांचा एकत्र फोटो. मनोज, जानकीबाई, आणि मृणालीच्या मांडीवर रुचिका. सगळ्यांचे केस पांढुरके, चेहरे निळसर. रुचिकाचेसुद्धा. दोन्ही हात, सगळी बोटं, डोक्यावरचा केसन् केस. उलटी, पुरती उलटी, देवाची कृपा. गोदू कुठेच नव्हती. चौदा, पंधरा, सोळा, थेट शेवटपर्यंत मृणालीने फिल्म ओढली. कुठेच नव्हती.

फोन वाजला. जानकीबाई रडत होत्या आणि हसत होत्या. "घाम आला गो! उशी भिजली सगळी. हात गरम झाला. उठून बसली, मऊ भात मागते. तुझी पोर लई नाटकी हाय, मेली."

मृणाली फोन धरून लहान पोरीसारखी रडली. आक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग एवढंच म्हणाली, "माझं काय ते घे, तू म्हणशील ते करीन, म्हणालीस तू."

"मग? म्हणाले."

"काय न्हाय," आक्का म्हणाली. "म्हणालीस, म्हणून म्हटलं."

पुढे त्या रोलचे प्रिंट निघाले. सातव्या फोटोत मोकळं दार होतं, आठव्यात पाण्याचं पिंप, बाराव्यात रुचिका मान वर करून रिकाम्या जागेकडे हसत होती. मनोज म्हणाला, कुणाकडे बघते बघ येडी. रुचिका आठ दिवसांत अंगणात धावायला लागली. मृणालीने नाकाशी बोट धरणंसुद्धा सोडलं. तिला वाटायचं, आता आपल्या पोरीवर कुणाची तरी नजर आहे, चांगली नजर. आईला एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि आईने आपलं ऐकलं. कामावर जाता-येता ती मनातल्या मनात हात जोडायची.

मग पंधरा-वीस दिवसांनी शहापूरकडचा एक रोल आला. कुठल्याशा घरचं बारसं. पाकिटावरचं नाव तिच्या ओळखीचं नव्हतं, गावात तिने कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. आक्का त्या दिवशी सुट्टीवर होती. दुपार होती, खाली माग जोरात होते.

पहिली पट्टी. पाळणा, बाया, फुलांच्या माळा. टक्.

दुसरी पट्टी. पाच, सहा.

सहाव्या फोटोत, पांढुरक्या केसांच्या निळसर बायांच्या घोळक्यात, एक बाई सुलट होती. काळे केस, निळी साडी, खांद्याला लटकवलेली तपकिरी पर्स. मृणालीला आधी साडी ओळखू आली, मग पर्स. चेहऱ्याकडे तिने सगळ्यात शेवटी बघितलं.

ती स्वतः होती.

पाळण्यावर वाकलेली. चेहऱ्यावर तेच हसू, जे ती झोपलेल्या रुचिकाकडे बघून कितीदा हसली असेल. उजवा हात पाळण्याच्या कडेवर. आणि डाव्या हाताच्या मुठीत त्या अनोळखी तान्ह्या बाळाचं एक बोट. सावळं. सुलट.

मृणाली किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. सातवा फोटो काचेच्या कडेशी येऊन थांबला होता. तिचा उजवा हात कटरच्या दांड्यावर होता.

डावा हात टेबलाखाली होता. मूठ घट्ट मिटलेली. कधी मिटली, तिला कळलं नव्हतं. आत काहीतरी बारीकसं, ऊबदार, हळूहळू गार होत होतं...

आणि ती मूठ उघडत नव्हती.