हात बाहेर?

कोजागरीच्या आदल्या रात्री आमच्या अंगणात थ्रेशर धुऊनपुसून उभं होतं. सकाळी हंगामातलं पहिलं सोयाबीन काढायचं होतं. तोंडाशी पेंढ्या लावायला सासूबाई, मजुरीला येणारी धम्मशीला आणि मी, अशा तिघी जाणार होतो. माझी पहिलीच वेळ. उन्हाळ्यात लग्न होऊन जळगाव जामोदजवळच्या या गावात आले, तेव्हापासून माझ्या हातांना फक्त भाकरी आणि भांडी ठाऊक होती. आता त्यांना बढती मिळाली होती.

लाइट गेलेली. राजकुमारचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा उकंडराव सोनाळ्याहून आले होते. जेवण झाल्यावर ते बाजेवर टेकले. राजकुमार आणि त्याचे दोघे चुलतभाऊ खाली बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात. नव्या सुनेची ही जागा फार सोयीची असते. तिथे आपण कोणाला दिसत नाही आणि सगळे आपल्याला दिसतात.

मामा थ्रेशरकडे पाहत म्हणाले, "तोंडावरचं झाकन कुठी गेलं बे?"

"हाय ना मामा. गवऱ्यावर टाकलं."

"काऊन?"

"ते लावलं की हात आखडते. पेंढी हळू जाते, काम मागं पडते."

"अन गवऱ्या कोरड्या राह्यतात तो फायदा येगळाच," एक चुलतभाऊ म्हणाला.

सगळे हसले. पदराआड मीही हसले. तो वाकवलेला पत्रा रोज सकाळी उचलून गवऱ्या मीच काढत होते.

मामा हसले नाहीत.

"आमच्या सोनाळ्यात भागवत म्हनून एक जन हाय. माह्या चांगल्या ओळखीचा. जे सांगतो ते त्याच्यासंग घडलेलं हाय. त्यानंही झाकन काढलं होतं. कोंबड्याच्या खुराड्यावर टाकलं."

सोनाळ्यात म्हणे कंपनीचा माणूस आला होता. पारासमोर थ्रेशर उभं करून त्यानं सगळं नीट दाखवलं. झाकण काढायचं नाही. अडकलेली पेंढी यंत्र बंद केल्याशिवाय ओढायची नाही. आणि पुन्हा चालू करणाऱ्यानं आधी मोठ्यानं विचारायचं, 'हात बाहेर?' तोंडाशी उभ्या असलेल्या प्रत्येकानं हात वर करून सांगायचं, 'बाहेर.' एक जरी आवाज कमी पडला तरी ट्रॅक्टरच्या चावीला हात लावायचा नाही.

"सगळे हासले. भागवत म्हने, शाळेतली हजेरी हाय का बे? मंग चहा पेले अन घरी गेले. पेंढ्या लावनाऱ्या बाया कुठी होत्या? त्या चहा बनवून राह्यल्या होत्या. त्याईले कोनी सांगितलंच नाई."

माझे कान तापले. गेल्याच आठवड्यात आमच्या गावातही तोच कार्यक्रम झाला होता. कपाचा ट्रे घेऊन मी पाराच्या कडेला उभी होते. शब्द न् शब्द ऐकला होता. रात्री राजकुमारला विचारावं म्हटलं, झाकण कधी लावणार? मग वाटलं, काल आलेली पोरगी यंत्रातलं काय सांगणार. कूस बदलली आणि झोपले.

"त्याच हंगामात जनकाबाई म्हनून एक बाई मजुरीले त्याच्या थ्रेशरवर होती," मामा सांगत होते. "ओली पेंढी अडकली. भागवतनं बंद केलं. तिनं उजवा हात आत घातला. भागवतले वाटलं, काढला असन. त्यानं चालू केलं."

मामांनी थ्रेशरकडे पाहिलं.

"अकोल्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेली बाई."

"मंग तरी लावलं का झाकन त्यानं?" राजकुमारनं विचारलं.

"नाई."

पुढच्या वर्षीची गोष्ट. कोजागरीचीच आदली रात्र. एका वावरातलं काम उरकून भागवत दुसऱ्या वावरात थ्रेशर नेत होता. एकटाच. चांदणं असं की रस्त्यावरचा खडा दिसावा. अर्ध्या वाटेत ट्रॅक्टर बंद पडला. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

मामांचा आवाज खाली आला.

"मांगून आवाज आला. घर्र... घर्र... हळू. ट्रॅक्टर बंद. अन आतला ड्रम फिरून राह्यला. त्यानं मांगं पाह्यलं नाई. मंग ड्रम थांबला... अन बाईचा आवाज आला. जवळून. रागाचा नाई. 'भाऊ... इचारा ना.'"

चुलतभाऊ एकमेकांजवळ सरकले.

"काय इचारायचं, ते त्याले समजलं. मान खाली घातली. लय जोर करून म्हनला... 'हात बाहेर?'"

मामा थांबले. आम्हीही.

"मंग ती म्हने... 'एक हाय, भाऊ.'"

...

"अन मंग?"

"मंग काई नाई. सकाळी लोकाईले सीटवर बसलेला भेटला. मानूस धड हाय. पन पारावर येत नाई आता. भुताचं भेव नाई त्याले. जनकाबाईची पोरगी समोरून आली की गल्ली बदलतो."

राजकुमार मान खाली घालून बाजेची दोरी नखानं उकलत होता. चांदणं लख्ख होतं, पण माना सगळ्यांच्याच खाली होत्या हे एक बरं. कोणाला कोणाचं तोंड पाहावं लागलं नाही.

झोपताना मी म्हटलं, "मी ऐकलं होतं सगळं, पारावर. तुमाले सांगाले पाह्यजे होतं मी."



"तू त चहा देऊन राह्यली होती," तो म्हणाला. "मी पयल्या रांगेत बसलो होतो."

सकाळी गवऱ्यांवर पत्रा नव्हता. तो थ्रेशरच्या तोंडावर होता. नट कसून आवळलेले.

"तू लावलं?"

"तुमी नाई?"

मामा घोरत होते. चुलतभाऊ रात्रीच घरी गेले होते, आणि रात्री उठून कामं करणारी जात ती नव्हे.

वावरात राजकुमार ट्रॅक्टरवर चढला, पुन्हा उतरला. कंपनीच्या माणसानं सांगितलेलं सगळं आम्हा तिघींना त्यानं उभं राहून सांगितलं. सांगताना नजर आमच्या चपलांवर. मग वर जाऊन ओरडला, "हात बाहेर?"

"आज काय हात मोजून घेऊन राह्यले काय, दादा?" धम्मशीला हसली.

तो हसला नाही. "सांग ना बाई."

तिनं हात वर केला. सासूबाईंनी केला. मी केला. "बाहेर." "बाहेर." "बाहेर." मगच त्यानं चावी फिरवली.

संध्याकाळी झाकणावरचा भुसा झटकताना मला काळ्या ग्रीसचे ठसे दिसले. पाचही बोटं उमटलेली. नटांभोवती, दोन्ही कडांना, पत्रा धरावा लागतो तिथे तिथे. बाईचे असावेत, एवढे बारीक. माझा उजवा हात ठेवून पाहिला. अंगठा उलट्या बाजूला येत होता. दुसऱ्या कडेवर ठेवला. तिथेही तेच.

मग डावा ठेवला. बसला.

एकूणएक ठसा डाव्या हाताचा होता.