फियाट जागची हलेना

पद्मा आणि मुकुंद पहिल्यांदा भेटले ते एका इंजिनापाशी. लहरीपुऱ्यामागच्या जुन्या सामानाच्या दुकानात फियाटचं एकच धड इंजिन उरलं होतं, आणि त्याच्यावर दोघांचे हात एकदमच पडले.

"बेन, आ तो भाईए जोई लीधुं छे," दुकानदार गुजरातीत म्हणाला.

"बघितलंय ना? घेतलेलं तर नाही!" पद्मा मराठीतच फणकारली.

'भाई' गालातल्या गालात हसला. "घ्या तुम्ही. मी मित्रासाठी बघत होतो. पण बसवणार कोण?"

"मिळेल कुणीतरी."

"मिळालं समजा. बाजव्याच्या रिफायनरीत पंप बसवतो मी, इंजिन काय अवघड आहे? रविवारी सुट्टी असते."

झालं. दिवाळीनंतरचे सगळे रविवार दांडिया बाजारातल्या पद्माच्या घराच्या कंपाउंडमध्ये, तिथल्या बंद पडलेल्या फियाटपाशी गेले. पद्माचे वडील श्रीपतराव व्हरांड्यात वर्तमानपत्र धरून बसायचे, मुकुंद गाडीखाली, आणि पद्मा पाने देत शेजारी. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या पद्माला आता बारा नंबरचा पाना न बघता हाताला लागायचा.

आणि आजचा रविवार शेवटचा. पानिपतला नवी रिफायनरी उभी राहत होती, तिथे मुकुंदची बदली झाली होती. संध्याकाळची ट्रेन. इकडे बुधवारी पुण्याची मंडळी पद्माला बघायला येणार होती. गेल्या रविवारी हात पुसता पुसता तो म्हणाला होता, "गाडी चालली की पहिली फेरी आपण दोघं मारू. मला... एक विचारायचंय."

"मग आत्ताच विचारा की."

"छे! ट्रायल झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी सही करत नाही."

आठवडाभर पद्मा त्या ट्रायलची वाट बघत होती. आज चावी फिरवल्याबरोबर इंजिन झकास सुरू झालं. तिने गिअर टाकला, क्लच सोडला... आणि फियाट जागच्या जागी! नुसती गुरगुरत राहिली.

"मुकुंदराव, आवाज तर विमानाचा आहे," व्हरांड्यातून श्रीपतराव म्हणाले. "उडणार असेल तर आधी सांगा, वाळत घातलेले कपडे काढून घेतो."

"बघतो, काका," मुकुंद म्हणाला. नेहमीसारखा हसला मात्र नाही.

तो गाडीखाली शिरला. "क्लच दाबा... आता सोडा."

"सोडला."

"अजून सोडा."

"अहो, पाय जमिनीवर आहे माझा! अजून कुठे सोडू?"

पुन्हा गिअरचा दांडा हलवून बघ, पुन्हा पेडलची तार ओढून बघ. ऊन कंपाउंडच्या भिंतीवरून खाली सरकत होतं. संक्रांतीला, उत्तरायणात अडकलेला एक फाटका पतंग कडुनिंबात फडफडत होता, त्या आवाजानेही पद्माला दचकायला होत होतं. शेजारच्या माळ्यावरून कुणीतरी ओरडलं, "केम मुकुंदभाई, नथी चालती?" मुकुंद खाली पान्याने ठोकतच राहिला.

पद्माला राग यायला लागला. एवढं तर आता तिलाही कळत होतं... इंजिन फिरतंय, गिअर पडतोय, चाकांना जोर पोचत नाही. म्हणजे मधली पकड सुटतेय. इंजिनाच्या पाठीला जी मोठी गोल चकती असते, तिला क्लच प्लेटने घट्ट धरायला हवं. ती धरत नाहीये. मग हा माणूस तेवढं सोडून बाकी सगळं का तपासतोय? की गाडी चालायलाच नकोय त्याला? विचारण्यातून सुटका हवीय?

तिने चिडून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं. गाडीखालून धुराची एक निळसर रेघ वर आली.

श्रीपतरावांनी नाक वर केलं. "तूप कोण कढवतंय गं?"

पद्माचा पाय सटकन मागे आला. तूप!

गेल्या रविवारी इंजिन साखळीला टांगलेलं होतं, आत बसायच्या बेतात. घरात मिक्सर आला तरी त्याच्यावर स्वस्तिक काढायची पद्धत, मग इंजिनावर नको? मुकुंद हात धुवायला गेला तेवढ्यात तिने तुपात शेंदूर कालवला. सगळं इंजिन काळंकुट्ट. लखलखीत अशी एकच जागा होती. पाठीवरची ती गोल चकती, त्यानेच पेट्रोलने पुसून आरशासारखी केलेली. तिने त्यावर बोटाने छानपैकी स्वस्तिक रेखलं होतं.

ती खाली उतरली आणि गाडीशेजारी उकिडवी बसली. समोर फक्त त्याचे बूट दिसत होते.

"मुकुंद, ते... स्वस्तिक मी काढलं होतं."

पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"चुकलंच माझं. पण प्लेट तर तुम्ही स्वतः बसवलीत. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग पुसलं का नाही?"

गाडीखालून, अगदी खालच्या आवाजात, "फडकं घेतलं होतं हातात. पेट्रोलही ओतलं होतं त्यावर. पण... तुमच्या बोटाच्या रेघा होत्या त्या. नाही पुसवल्या."

पंपाचा एक नट ढिला राहिला तर रात्रभर न झोपणारा हा माणूस!

"मघाशी पहिल्यांदा क्लच सोडलात तेव्हा वास आला, तेव्हाच कळलं मला," तो म्हणाला. "काकांसमोर काय सांगू? आता गिअरबॉक्स उतरवावा लागणार. आज काही ट्रायल होत नाही."

"खड्ड्यात गेली ट्रायल. काय विचारायचं होतं?"

"अशी... गाडीखालून?"

"बाहेर आलात तर तुम्ही परत पेडलच तपासत बसाल. विचारा."

एक दीर्घ श्वास ऐकू आला. "पानिपतला थंडी फार असते म्हणतात. येशील?"

पद्मा उठली. साडीला लागलेली माती झटकायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. "बाबा," तिने व्हरांड्याकडे बघून हाक दिली, "पुण्याला फोन करा. बुधवारी येऊ नका म्हणावं."

वर्तमानपत्र सावकाश खाली आलं. श्रीपतरावांनी आधी मुलीचा लालबुंद चेहरा पाहिला, मग गाडीखालून सरपटत निघालेला, कपाळापर्यंत काळा झालेला मुकुंद.

"ट्रेनचं काय तुमच्या?"

"उद्याची घेतो. आधी गिअरबॉक्स उतरवतो."

"आणि ही गाडी चालणार का नक्की?"

"चालेल, बाबा," मुकुंद म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते कळून जागीच थिजला.

श्रीपतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

"पद्मा," ते म्हणाले, "गाडी बाहेर पडेपर्यंत तुपाचा डबा माझ्या कपाटात ठेव. किल्ली माझ्याकडे दे."