बाबांना न ऐकू आलेला तबला

शनीजवळच्या यानातून बाबांचा निरोप आला, तेव्हा चंद्रावरच्या घुमटवस्तीच्या खिडकीत पृथ्वी नेहमीसारखी निळी, निवांत लटकली होती.

"तुम्ही पाठवलेलं भजन छान झालं. पण केतकी, आज तू आजारी होतीस का? तबला ऐकू आला नाही."

दहा वर्षांच्या केतकीने आपले तळहात पाहिले. वाजवून वाजवून अजून लाल होते. आणि उद्यापासून शनी आणि चंद्राच्या मध्ये सूर्य येणार, म्हणजे पंधरा दिवस निरोप बंद.

"माझी चूक नाही," दामू म्हणाला. दामू हा वस्तीचा ध्वनिमिश्रक (वेगवेगळे आवाज एकत्र बसवणारा) यंत्रमानव. आपली चूक नसण्यावर त्याचा गाढ विश्वास होता. "नाचाच्या गाण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. तीच मांडणी वापरली. ताई, तबला आहे. ऐका."

त्याने बाकीचे आवाज बंद केले. तबला खणखणीत होता. सगळे सुरू केले, की गुडूप.

केतकी दामूला घेऊन अण्णाआजोबांकडे गेली. तीस वर्षं ध्वनिशास्त्रात घालवून ते आता मेथी लावत होते. मेथी कमी वाद घालते, असं त्यांचं म्हणणं.

"झांज आणि तबला एकाच गटात (एका बटणाला बांधलेले अनेक आवाज) ठेवलेस?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही तालवाद्यं. नियमाने एकत्र."

"वर कॉम्प्रेसर (आवाज फार वाढला की दाबणारं यंत्र)?"

"भक्कम."

आजोबा केतकीकडे वळले. "वर्गात एक जण ओरडला की बाई काय करतात?"

"अख्खा बाक गप्प बसवतात. मी बोलतसुद्धा नसते."

"झालं तर. झांज कडाडली की कॉम्प्रेसर अख्खा गट दाबतो. भजनात झांज थांबतच नाही. तबल्याने डोकं वर काढायचं कधी?"

"मग नाचाच्या गाण्यात कसं चाललं?"

"तिथं ढोलाच्या दणक्याला सगळं दबतं, पुन्हा उसळतं. गाणं श्वास घेतं आणि पाय उचलतात. तिथं तेच हवं असतं. कव्वालीत साथीचे गळे एका गटात थोडे दाबले, की दहांचा एक आवाज होतो. भजनात मात्र..."

"तबल्याला वेगळा बाक," केतकी म्हणाली.

दामूने आपली नियमावली उघडली. "म्हणजे आधी गाणं कोणतं ते विचारायचं. हे नियमात नव्हतं."

"आता घाल," आजोबा म्हणाले आणि मेथीकडे वळले.

दामूने तबला एकटा ठेवला, जवळजवळ न दाबता. झांज वेगळी. गळे आणि पेटी तिसऱ्या गटात, हलक्या हाताने. भजन पुन्हा बाबांकडे निघालं.

जायला दीड तास, यायला दीड तास. केतकी खिडकीशी बसून राहिली. बाहेर हवा नाही, म्हणून आवाजही नाही. तिचा तबला आता गुरूच्या पलीकडे गेला असेल, कुणालाही न ऐकू येता, अगदी शहाण्यासारखा.

मग निरोप आला.

"केतकी, दुसऱ्या कडव्यात ठेका घसरला. सावरलंस मात्र झकास."

इतका आनंद तिला बरोबर वाजवूनही झाला नसता.

"ती चूक काढून टाकू?" दामूने विचारलं.

"हात तर लावून बघ!"

तिने तबला पुढे ओढला. सरावाला पंधरा दिवस होते. दामू शेजारी येऊन उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "पुढचं गाणं कोणत्या प्रकारचं?"