पिठाच्या चांदण्या

टी. नगरच्या दुकानात काळ्या कापडाचा शेवटचा तुकडा. एक टोक मी धरलं, आणि दुसरं... त्यानं.

"सोडा," मी म्हटलं. "छत्रीला हवंय."

"मला आकाशाला हवंय."

"कशाला?"

"आकाशाला! सिनेमा काढतोय. माणूस चंद्रावर जातो, त्याचा."

राजगोपाल नाव. नुंगंबाक्कमच्या एका कचेरीत कारकून. माझ्या ओळखीच्या सरोजाचा भाऊ निघाला, म्हणून कापड सोडलं... आणि कापडामागून मीही गेले. शाळा सोडल्यापासून दुपारी मला दुसरं काम काय होतं?

त्यांच्या गच्चीवर कापड अंथरलं. पावडरचा रिकामा डबा म्हणजे रॉकेट. काळ्या दोऱ्यानं तो मी ओढायचा, आणि त्यानं स्टुलावर उभं राहून वरून कॅमेरा धरायचा. चंद्र म्हणजे तळलेला अप्पळम. पापडाचे फोड अगदी खड्ड्यांसारखे!

रीळ एकच उरलेलं. पाचच्या टपालानं ते धुवायला गेलं नाही, तर हौशी सिनेमावाल्यांच्या क्लबाची स्पर्धा हुकणार. आणि साडेचार तर वाजले होते.

तांदळाच्या पिठानं चांदण्या मी घातल्या. त्यानं बघितलं नि कपाळावर हात मारला.

"ओळीत? तुळजा, हे कोलम झालं! चांदण्या काय रांगेत उभ्या राहतात?"

"दारात रोज रांगोळीचे असेच ठिपके घालते. हात तसाच जातो!"

"मग हाताला सांग, हे दार नाही."

"तुम्हीच सांगा तुमच्या हाताला!" मी मूठभर पीठ कापडावर भिरकावलं.

मी खाली पाहिलं. कापडावर खरंच आभाळ पडलं होतं.

"हलू नकोस..." तो हळूच म्हणाला. मला, की चांदण्यांना — कळलं नाही.

कॅमेरा खरखरायला लागला. मी दोरा ओढला. हळू... आणखी हळू. तेवढ्यात पिठाला मुंग्या लागल्या. लाल. एक माझ्या बोटावर चढली, मनगटाशी आली... चावली! हात जरा हलला असता तर रॉकेट कलंडलं असतं, आणि रीळ वाया. मी दात आवळले. वीतभर उरलं होतं. दुसरी चावली. डोळ्यांत पाणी आलं. डबा अप्पळमला टेकला, आणि खरखर थांबली.

"मिळालं?" हात झाडत मी ओरडले.

तो स्टुलावरून उतरेना. "रॉकेट उतरलेलं... नाही मिळालं."

"म्हणजे?"

"कॅमेरा वर गेला. तुझ्याकडे. मुंग्या चावत होत्या, नि तू दोरा सोडत नव्हतीस..."

"शेवटचं रीळ! माझ्या तोंडावर घालवलंत? रॉकेट पोचलं हे लोकांना कळणार कसं?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय की," तो म्हणाला. "मला तरी दिसलं."

आणखी चार शब्द सुनावायचे होते, पण मी वर पाहिलं. त्याचा एक डोळा अजून कॅमेऱ्यालाच चिकटलेला.

"रीळ संपलं ना?"

"संपलं."

"मग तो कॅमेरा खाली ठेवा," मी म्हटलं, "आणि आता नुसतं बघा. मध्ये काच नको."